‘आधा गाँव’मधील बोली आणि गावाच्या सीमारेषा

राही मासूम रझा (१९२७–१९९२) यांची ‘आधा गाँव’ ही कादंबरी १९६६ साली नागरी लिपीत, हिंदी कादंबरी म्हणून प्रसिद्ध झाली. पूर्व उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यामधले गंगौली हे लेखकाचे स्वतःचे गाव तिचे स्थळ असून, स्वातंत्र्यापूर्वीच्या दशकापासून जमीनदारी निर्मूलनापर्यंतचा काळ तीत आला आहे. या कादंबरीविषयी दोन मते वारंवार मांडली जातात. एका मताप्रमाणे ती फाळणीने नष्ट केलेल्या हिंदु-मुस्लिम सलोख्याचा विलाप होय. दुसऱ्या मताप्रमाणे ती अश्लील होय. या दुसऱ्या आक्षेपामुळेच १९७० नंतरच्या दशकात जोधपूर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून ती काढून टाकण्यात आली. ही दोन्ही मते कादंबरीच्या भाषेकडे केवळ बाह्य रंग म्हणून पाहतात. वस्तुतः या गावात कोण कोणाचा आणि कोण कोणापासून किती दूर, याचा खरा पुरावा त्या भाषेतच साठविलेला आहे.

कादंबरीतील सय्यद जमीनदार घरात भोजपुरी उर्दू बोलतात. मर्सिया व नौहा यांची उर्दू वेगळी आणि हाकिमासमोर वापरावयाची उर्दू वेगळी. परंतु चूल, भांडण, लग्न व मरण यांची भाषा भोजपुरीच. गावातील अहीर, चमार, जुलाहा यांच्याशी होणारा त्यांचा व्यवहारही याच बोलीत चालतो. म्हणजे गंगौलीत भाषेची सीमा धर्माच्या सीमेवरून जात नाही. ताजियाला नवस बोलणाऱ्यांत हिंदूही असतात, आणि मोहरमची खरी चुरस लागते ती उत्तरपट्टी व दक्खिनपट्टी या सय्यदांच्याच दोन पट्ट्यांत. गावातील माणूस ‘आपण’ म्हणतो तेव्हा त्याला अनेकदा केवळ आपली पट्टीच अभिप्रेत असते.

येथवर पाहता सलोख्याचे मत खरे वाटण्याचा संभव आहे. परंतु बोली समान असली म्हणजे माणसे समान होत नाहीत, हेही हीच बोली दाखविते. ‘झंगटिया-बो’ आणि ‘रहमान-बो’ ही नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. भोजपुरीत पुरुषाच्या नावास ‘बो’ लागले की ‘त्याची बायको’ असा अर्थ होतो. या दोन्ही स्त्रिया सय्यदांनी ठेवलेल्या आहेत. तरीही गाव त्यांना त्यांच्या मूळ नवऱ्याच्याच नावाने हाक मारते. सय्यदाचा सहवास लाभला, नाव मात्र लाभले नाही. रहमान-बोचा मुलगा कम्मो हा सय्यद पित्याचा पुत्र असूनही रक्तशुद्धीच्या हिशेबात पूर्ण सय्यद ठरत नाही. मुसलमान असल्याचा त्याला येथे काहीच उपयोग होत नाही. एका प्रत्ययात एवढी समाजरचना साठविणारी बोली निरागस म्हणता येणार नाही. त्या गावात प्रेम होते, आश्रय होता. त्याचबरोबर उघड व निर्लज्ज विषमताही होती.

मग १९४७च्या सुमारास नवे काय घडले? गावात नवे शब्द आले. अलीगढहून लीगचा प्रचार करण्यास येणारे विद्यार्थी ज्या उर्दूत बोलतात, ती गावाच्या बोलीहून निराळी आहे. हिंदूंना चिथावणारा स्वामीही असाच परभाषा घेऊन येतो. दोघांच्याही पदावलीत पट्टी नाही, नाते नाही, शेत नाही. आहेत ती केवळ ‘हिंदू’ व ‘मुसलमान’ ही दोन सामान्यनामे. गावाने या शब्दांचा आपल्या बोलीत अर्थ लावू पाहिला की विसंगती उघड होते. पाकिस्तान झाले तर अलीगढ त्यात जाईल की काय, ही कम्मोची चिंता हास्यास्पद वाटते. परंतु तिच्या मुळाशी अलीगढला शिकणाऱ्या सईदेवरील त्याचे प्रेम आहे. राष्ट्राचा प्रश्न तो आपल्या एकमेव परिचित परिमाणाने मोजतो.

या भाषिक विरोधाचा सर्वांत कठोर प्रसंग फुन्नन मियाँचा होय. १९४२च्या आंदोलनात कासिमाबादच्या ठाण्यावरील हल्ल्यात त्याचा मुलगा मुम्ताज मारला जातो. पुढे हुतात्म्यांच्या गौरवाच्या सभेत नेता इतरांची नावे घेतो, मुम्ताजचे घेत नाही. फुन्नन मियाँ उभा राहून आपल्याही मुलाचा मृत्यू तेथेच झाला होता, हे आपल्या बोलीत सांगतो. व्यासपीठाच्या भाषेत त्या मृत्यूला जागाच उरलेली नाही. येथे कोणी कोणावर शस्त्र उगारीत नाही. यादीतून केवळ एक नाव गळते. कादंबरीतील फाळणी प्रत्यक्षात घडते ती अशी.

शिव्यांचाही विचार याच संदर्भात करावयास हवा. गंगौलीत शिवी ही क्रोधाची तशी जवळिकीचीही खूण आहे. ती वगळून शुद्ध केलेले संवाद लिहिले असते, तर सर्व पात्रे व्यासपीठावरील नेत्याच्या भाषेत बोलू लागली असती.

कादंबरीस मर्यादा आहेत. जुलाहा व चमार यांचे बोलणे ऐकू येते, पण त्यांच्या घरातून गाव दिसत नाही. हिंदूंची घरेही सय्यदांच्या अंगणातूनच दिसतात. १९५२ साली अंमलात आलेल्या जमीनदारी निर्मूलनाने सय्यदांचे काय गेले ते सविस्तर येते. कुळांना काय मिळाले ते फारसे येत नाही. शीर्षकातील ‘आधा’ या शब्दाने ही मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी वाचकास हा विषय परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक मुसलमान कुटुंबांची घरची भाषा कोकणी बोलीच आहे, आणि कोकणातील अशाच गावावरची हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी ‘आधा गाँव’च्या एक वर्ष आधी, १९६५ साली प्रसिद्ध झाली. या दोन कृतींचा तौलनिक अभ्यास व्हावयास हवा. मात्र त्यात सलोखा होता की वैर होते, एवढाच प्रश्न न विचारता, कोण कोणास कोणत्या नावाने हाक मारीत होते, येथून आरंभ करणे अधिक फलदायी ठरेल.