पार्श्वमाहितीची पाणीपाळी

कथा-कादंबरीतील घटना उमजण्यासाठी तिच्यामागचा इतिहास, भूगोल, नातीगोती, शेतीची रीत असे जे काही वाचकाला ठाऊक असावे लागते, त्याला पार्श्वमाहिती म्हणता येईल. आणि ती केव्हा, किती व कोणाच्या तोंडून द्यावी हा प्रश्न मराठी ग्रामीण कथेला आरंभापासून सोडवावा लागला आहे, कारण तिचा लेखक गावातून आलेला आणि वाचक बहुधा शहरातला, अशीच स्थिती दीर्घकाळ राहिली. या दृष्टीने माळशिरस तालुका आणि त्याला लागून असलेला माणदेश यांचे मोल मोठे आहे. 1927 मध्ये तालुक्यातील अकलूज येथे द. मा. मिरासदारांचा जन्म झाला आणि त्याच वर्षी पिलीवच्या माळापलीकडील माणदेशात व्यंकटेश माडगूळकर जन्मले. या दोघांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली.

1955 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘बनगरवाडी’त माडगूळकरांनी नवखा निवेदक योजला, म्हणजे कथा सांगणारा माणूसच त्या जागी नव्याने आलेला ठेवला. औंध संस्थानातला हा तरुण मास्तर वाडीवर येतो तेव्हा शाळेत पोरे नसतात, आणि धनगरांचे जिणे मेंढरांच्या मागे चालते ही गोष्ट वाचकाला या रिकाम्या शाळेमुळे कळते, त्यासाठी वेगळा परिच्छेद खर्ची पडत नाही. पुढे पाऊस हुलकावणी देतो, चारा संपतो, मेंढरे जगत नाहीत आणि माणसे वाडी सोडतात. पर्जन्यमानाचा एकही आकडा न देता दुष्काळी मुलखाचे सारे अर्थकारण तिथे उभे राहते. या युक्तीचे पुढे अनुकरण फार झाले. शहरातून आलेला शिक्षक किंवा अधिकारी प्रश्न विचारतो आणि गावातला म्हातारा पानभर उत्तर देतो, अशी रचना मराठीत अजूनही आढळते. पण तिच्यात ‘बनगरवाडी’तील मुख्य गोष्टच निसटते. माडगूळकरांच्या मास्तराला गावकरी आपली कागदपत्रे, भांडणे आणि अडचणी सोपवतात, त्यामुळे मिळालेली प्रत्येक माहिती त्याच्या अंगावर जबाबदारी म्हणून येते.

मिरासदारांच्या कथेची घडण बोलण्यातून झाली. शंकर पाटील आणि माडगूळकर यांच्यासह त्यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगावी केले, आणि समोर बसलेल्या श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही, ही कथाकथनाची अट लेखनालाही उपकारक ठरली. पारावर बसलेली माणसे एकमेकांना ठाऊक असलेले पुन्हा सांगत नाहीत. ती वाद घालतात, थापा मारतात, आणि त्या वादातूनच कोण कोणाचा, कोणाची पत किती, हे ऐकणाऱ्याला कळते.

अलीकडच्या कादंबरीने संशोधनाचा मोठा भार उचलला आहे आणि ही निःसंशय समृद्धी आहे. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’मध्ये (1988) लष्कराच्या रसदीचा तपशील जड होत नाही, कारण उपासमार हीच तिथली घटना आहे. मात्र जिथे तपशिलाला असे काम मिळत नाही, तिथे बाप मुलाला दोघांनाही पाठ असलेला घराण्याचा इतिहास ऐकवू लागतो आणि पात्रांच्या तोंडी गॅझेटियर बोलू लागते. मेहनतीने जमवलेले काहीही वाया जाऊ नये, ही लेखकाची ओढ समजण्यासारखी असली तरी तिची किंमत पात्रांना मोजावी लागते.

माळशिरसच्या कालव्याखालच्या शिवारावरून हा फरक जवळून पाहता येतो. नीरा उजवा कालवा वीर धरणातून निघून फलटण तालुक्यातून इकडे येतो, त्यावर उसाचे क्षेत्र वाढले, सासवडच्या माळी बागायतदारांनी माळीनगरला साखर कारखाना उभारला, ही सारी माहिती खरी आहे. परंतु कथेच्या पहिल्याच पानावर ती सलग आली, तर वाचक पुढे जाण्याआधीच थकतो. तेच, रात्री दोनला पाळी लागणार म्हणून बॅटरी आणि खोरे घेऊन चारीवर, म्हणजे कालव्यातून फुटलेल्या लहान पाटावर, बसलेला शेतकरी घ्यावा. अडीच वाजले तरी पाणी आलेले नाही. वरच्या रानात बॅटरी हलताना दिसते आहे. म्हणजे वरचा चुलत भाऊ अजून दारे धरतो आहे, एका सरीचे तोंड मातीने बुजवून दुसरीचे उघडतो आहे. ओरडून सांगावे तर भावकीत तेढ वाढते, गप्प बसावे तर पहाटे पाळी खालच्याकडे जाते आणि पोटरीएवढा ऊस वाळतो. ‘दारे धरणे’ याचा अर्थ इथे पुस्तकाच्या शेवटी शब्दसूचीत द्यावा लागत नाही, आणि बारमाही पाण्याने आणलेली सुबत्ता व तिने भावकीत पाडलेली फट या दोन्ही गोष्टी त्या अर्ध्या तासात मावतात. कालव्याची लांबी, कारखान्याचे वर्ष, वाटपाचा नियम हे सर्व लेखकाला ठाऊक असावेच लागते, नाही तर त्याचा शेतकरी चुकीच्या वेळी चुकीच्या बांधावर उभा राहील; वाचकाला मात्र त्या क्षणी कळावे लागते ते एवढेच, की चारीच्या कोरड्या तळात अजून पाण्याचा आवाज नाही.