चौफुल्याचा चहा

शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला रेल्वेखेरीज काही नाही, असं मी सासुरवाडीत एकदा चारचौघांत बोलून गेलो आणि पुढची दोन वर्षं दौंडात मला चहात साखर कमी मिळाली. पण सत्य सांगायचं तर जॅझ नावाचं गाणं मला दौंडानेच ऐकवलं. शिरूरच्या शाळेत मराठी शिकवणारा मी मास्तर. माझ्या कानाला भजन, भावगीत आणि शाळेची घंटा एवढेच तीन राग ओळखीचे.

सासऱ्यांच्या रेल्वे क्वार्टरशेजारी एक गोवेकर इंजिन-ड्रायव्हर राहत. ड्यूटीवरून आले की हातांची काजळी तेवढी धुवायची आणि लगेच रेकॉर्ड लावायची. जावई म्हणून मला मधल्या खुर्चीचा मान. त्यांनी पहिली लावली ती बिली हॉलिडे. मला वाटलं, बाई झोपेतून उठून गातेय. ताल पुढे निघून गेलाय आणि ही अजून चपला शोधतेय! मी तसं म्हणालो. ड्रायव्हरसाहेब रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, गाडी रनिंग लेट आहे. जंक्शनला बरोबर टायमात लागते की नाय बघा." आणि खरोखर, ओळ संपता संपता बाई अशी अलगद ठोक्यावर येऊन उतरली की मी खुर्चीत सरळ बसलो.

या बाईचा गळा म्हणाल तर जेमतेम सप्तकभराहून थोडा जास्त. आपल्याकडे एवढ्या गळ्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागतगीताच्या मागच्या रांगेत उभं करतात. पण शब्द किती मागे ओढायचा, कुठे सोडायचा आणि कोणता निम्माच म्हणायचा, याचं तिचं गणित कुणाला चोरता आलं नाही. मोठा गायक म्हणजे मोठा आवाज, ही माझी समजूत त्या संध्याकाळी मोडली.

एला फिट्झजेराल्डची तऱ्हा उलटी. देवाने गळा देताना माप बघितलंच नाही. १९६० साली बर्लिनच्या मैफलीत ‘मॅक द नाइफ’ गाताना ती मधेच शब्द विसरली. आमच्या भजनी मंडळात बुवा शब्द विसरले की टाळकरी टाळ मोठ्याने वाजवून अब्रू झाकतात. एलाने झाकलं काही नाही. आपण विसरलो हेच तिने चालीत बसवून सांगितलं, वर लुई आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल केली आणि गाणं तडीस नेलं. त्या रेकॉर्डला पुढे ग्रॅमी मिळालं. चूक अशी करावी की बक्षीस मिळावं!

पण ड्रायव्हरसाहेबांचं खरं दैवत गोव्याचं. लॉर्ना! ख्रिस पेरीच्या बँडबरोबर कोंकणीतून गाणारी ही बाई लागली की साहेब उभे राहून ऐकत. तिचा आवाज गोड नाही. तो कोकमासारखा आहे, आधी दात आंबतात आणि मग आणखी हवंसं वाटतं. पुढे ती कित्येक वर्षं गप्प झाली आणि १९९५ साली पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. साहेबांनी त्या दिवशी मला शिरूरला तार करायचीच काय ती बाकी ठेवली.

दौंडहून मनमाडच्या गाडीत बसलात तर वाटेत पुणतांबे लागतं. आपले सी. रामचंद्र तिथले, जन्म १९१८. जॅझ त्यांनीच आपल्या घराघरांत आणलं, फक्त नाव न सांगता. ‘अलबेला’ (१९५१) आठवतो? त्यात चिक चॉकलेट हा गोवेकर ट्रंपेटवाला आपल्या बँडसकट पडद्यावर आहे. आमच्या काकूंना जॅझ म्हणजे फटफटीचा एखादा प्रकार वाटे, पण ‘अलबेला’तली गाणी भाकऱ्या थापताना तोंडपाठ!

हे सारं शिकत असताना एक गोष्ट मी दौंडात कधी बोललो नाही. शिरूर-दौंड प्रवासात न्हावरे, केडगाव करत एसटी चौफुल्याला सोडते आणि तिथे गाडी बदलावी लागे. चौफुला म्हणजे संगीत बारीची थिएटरं. तिन्हीसांजेला तिथे उभं राहिलं की ढोलकी ऐकू येई. बारा वर्षं मी ती स्टँडजवळच्या हॉटेलात, रस्त्याकडे पाठ करून, चहाच्या बशीत बघत ऐकली. आत गेलो नाही. मास्तर माणूस. कुणी पाहिलं तर?

एकदा साहेब माझ्याबरोबर शिरूरला आले होते. परतताना चौफुल्याला आमचा चहा झाला आणि ढोलकी सुरू झाली. साहेबांचा कप हातात तसाच राहिला.

"हे काय वाजतंय?"

"ते होय? ते आपलं नव्हे, साहेब."

"तुमचं नव्हे? मग कोणाचं? माझं?"

याला उत्तर नव्हतं. मी कानाला मफलर गुंडाळला (मे महिना होता) आणि आत गेलो.

फडकतं काही चाललं असेल असं मला वाटलं होतं. पाहतो तर एक उतारवयाची बाई नऊवारीत बसून बैठकीची लावणी गात होती. घरधनी परतला नाही, एवढाच मजकूर. तीच ओळ तिने किती वेळा घ्यावी? एकदा तक्रार केली. एकदा हसून घालवली. एकदा पेटीवाल्याकडे अशी पाहिली की जणू त्यानेच नवरा दडवलाय. शेवटी शब्दच टाकले, नुसती नजर दारापर्यंत नेली आणि परत आणली. ढोलकीने काय तो निरोप सांगितला. साहेब हळूच म्हणाले, "मास्तर, ही तुमच्या वाटेवर बसलीय आणि तुम्ही दौंडला येऊन अमेरिकेची ऐकता?"

दोन्ही गाणी एकच, असं मी म्हणणार नाही. जॅझमध्ये गाणारा चालच वाकवतो; इथे चाल बरीचशी तीच राहते आणि अर्थ वाकतो. त्याला अदाकारी म्हणतात. पण एक ओळ दुसऱ्यांदा तशीच म्हणणं म्हणजे उष्टं वाढणं, हे दोन्हीकडे मान्य आहे. आजच्या सेसिल मॅक्लोरिन साल्व्हांला ऐका. जुनीच गाणी घेते आणि एका शब्दावर भुवई उडवावी तसा स्वर उडवून सगळा अर्थ फिरवते. चौफुल्याला हिला कुणी परकी म्हटलं नसतं.

आणखी एक साम्य आहे, ते सांगताना मफलर पुन्हा गुंडाळावासा वाटतो. बिली १९४७ साली अमली पदार्थांच्या खटल्यात तुरुंगात गेली. सुटल्यावर तिला कार्नेगी हॉलमध्ये गाता आलं, पण न्यूयॉर्कच्या दारू विकणाऱ्या क्लबांत गायचा परवाना मिळेना. बिली १९१५ची; आपल्या यमुनाबाई वाईकरही १९१५च्याच. बिली चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली. यमुनाबाई २०१८पर्यंत जगल्या म्हणून २०१२ची पद्मश्री त्यांना हातात घेता आली, शहाण्णवाव्या वर्षी. दाद द्यायला आम्हीही बिलीसारखे मागे रेंगाळतो. फरक एवढाच, की ती समेवर येते.

त्या रात्री थिएटरातून निघताना तिसऱ्या रांगेत दुसरा एक मफलर दिसला. आत आमचे हेडमास्तर होते. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही दोघं बराच वेळ पावसाबद्दल बोललो.

साहेब आता नाहीत. त्यांच्या रेकॉर्डी माझ्याकडे आहेत. जॅझ कुठून ऐकायला घ्यावं असं कुणी विचारलं तर मी सांगतो: आधी बिली, मग एला, मग लॉर्ना आणि मधे मधे यमुनाबाई. क्रम बदलला तरी चालेल, रस्त्याकडे पाठ करू नका.

चौफुल्याची हकीकत मी बायकोला भीत भीत सांगितली होती. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "आमच्या दौंडच्या माणसाला एका कपात कळलं. शिरूरकरांना बारा वर्षं चहाच लागला!"