एकलव्याचा अंगठा आणि चंद्रशेखर यांचा हात

खेळाडूंची चरित्रे आम्ही आवडीने वाचतो. परंतु ती वाचताना एक गोष्ट आम्हांस वारंवार खटकते. दुखापतीचे प्रकरण आले की चरित्रकाराची लेखणी एकाएकी कीर्तनकाराची होते. संकट आले, नायक डगमगला नाही, संकटावर मात करून तो पूर्वीहून मोठा झाला, अशा तीन पायऱ्या चढून कथा फलश्रुतीशी येऊन थांबते. आम्हां बंगळूरकरांना ज्यांचा अभिमान वाटतो त्या भागवत चंद्रशेखर यांच्याविषयीच्या लेखनात तर हा दोष फारच ठळकपणे दिसतो.

चंद्रशेखर यांचा जन्म १९४५ साली म्हैसुरास झाला. बालपणी पोलिओने त्यांचा उजवा हात वाळला. क्षेत्ररक्षण करताना ते चेंडू डाव्या हाताने फेकीत. गोलंदाजी मात्र त्या कृश उजव्या हातानेच करीत. १९६४ मध्ये मुंबईस इंग्लंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले आणि पुढे ५८ कसोट्यांत त्यांनी २४२ बळी मिळविले. येथवर सारे निर्विवाद आहे. पण यापुढे लेखक म्हणतात की, हात दुबळा होता म्हणूनच तो चाबकासारखा फिरे, आणि म्हणूनच त्यांचा गुगली मध्यमगती गोलंदाजाच्या वेगाने येई. म्हणजे रोग हेच वरदान! पोलिओने अधू झालेले हात या देशात असंख्य होते. चंद्रशेखर मात्र एकच झाले. हाताचा वाटा असेलही. तथापि सारे श्रेय हातास दिले की माणसाच्या बुद्धीस आणि अभ्यासास काहीच उरत नाही.

१९७१ च्या ओव्हल कसोटीचे उदाहरण घ्यावे. अजित वाडेकर यांच्या संघाविरुद्ध इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि दुसऱ्या दिवशी, ऐन गणेशचतुर्थीस, भारताने इंग्लंडमधील आपला पहिला कसोटी विजय मिळविला. एड्रिच खेळावयास आला तेव्हा मडगावच्या दिलीप सरदेसाई यांनी 'मिल रीफ' टाक, असे सुचविल्याचे सांगतात. मिल रीफ हा त्या वर्षीचा डर्बीविजेता घोडा. अर्थ असा की, चेंडू वेगवान हवा. चेंडू तसाच पडला आणि एड्रिचचा त्रिफळा उडाला. या लहानशा आख्यायिकेत आम्हांस मित्राची सूचना दिसते, ती तत्काळ उचलणारी समज दिसते, आणि सांगितलेला चेंडू सांगितल्या क्षणी टाकण्याचे कौशल्य दिसते. दैवी हात तेवढा कोठे दिसत नाही.

याहून मोठा आक्षेप वेगळाच आहे. १९६६ च्या अखेरीस मुंबईस वेस्ट इंडीजचे ११ बळी घेणारा हा गोलंदाज १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून दुखापतीमुळे परत आला. पुढे स्कूटरचा अपघात झाला. सुमारे साडेतीन वर्षे एकही कसोटी नाही. बाविसाव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंतचा काळ गेला. या दुखापतींतून कोणतेही वरदान निघाले नाही. त्यांनी केवळ हिरावून नेले. म्हणूनच पोलिओवर पाने लिहिणारे लेखक या वर्षांवरून एका वाक्यात उडी मारून ओव्हलवर उतरतात.

यावर कोणी म्हणेल की, पुनरागमनानंतरच तर त्यांचा खेळ बहरला. १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध एका मालिकेत ३५ बळी, १९७७-७८ मध्ये मेलबर्नला दोन्ही डावांत ५२ धावांत ६ बळी; मग तक्रार कसली? ही कामगिरी आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु नंतरचे पीक चांगले आले म्हणून पडीक राहिलेल्या वर्षांचे धान्य कोठारात येत नाही.

आदिपर्वातील एकलव्याची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. अंगठा दिल्यावर तो उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला; पण पूर्वीची शीघ्रता राहिली नाही, हे सांगावयास व्यास विसरत नाहीत. त्यांनी एकलव्यास अंगठ्यावाचून अधिक थोर धनुर्धर केले नाही. झालेली हानी त्यांनी हानी म्हणूनच नोंदविली, आणि म्हणून ती कथा आजही जिव्हारी लागते.

हा वाद केवळ साहित्यापुरता नाही. परत येणे हाच जिद्दीचा पुरावा ठरविला, तर गुडघा किंवा खांदा गमावून जे कायमचे मैदानाबाहेर राहिले ते सारे आपोआप दुबळ्या मनाचे ठरतात. बंगळूरच्या मैदानांवर चंद्रशेखर यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर असे कितीतरी तरुण खेळले असतील. त्यांच्यावर हा अन्याय आहे. स्वतः चंद्रशेखर यांना १९९१ मध्ये पुन्हा रस्त्यावरील अपघातात पायाला जबर इजा झाली. तेव्हा तर बळी मिळवून भरपाई करावयाची सोयही उरली नव्हती. त्या दुखण्यास आमचे चरित्रकार कोणती फलश्रुती जोडणार?

चंद्रशेखर यांच्यावर मराठीत पुढे जो कोणी लिहील, त्याने १९६८ ते १९७१ ही वर्षे चुकवू नयेत. तेथे सांगण्यासारखा पराक्रम नाही हे खरे. पण खेळाडूचे आयुष्य तेथेही चाललेच होते.