‘ल पेर गोरियो’ : एका नातेवाचक शब्दाचा विचार

बाल्झाकची ‘ल पेर गोरियो’ ही कादंबरी १८३५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या नावातील ‘पेर’ हा शब्द भाषांतरकाराची कसोटी पाहणारा आहे. फ्रेंचमध्ये ‘पेर’ म्हणजे पिता. परंतु सामान्य स्थितीतील वृद्धाच्या आडनावाआधी तो आला की त्यात सलगी येते आणि तिच्याबरोबर किंचित अनादरही येतो. क्रॉफर्ड यांच्या १९५१ च्या इंग्रजी भाषांतराने ‘ओल्ड गोरियो’ हे नाव स्वीकारले. त्यात वार्धक्य राहिले, पितृत्व मात्र गेले.

ही हानी केवळ शीर्षकापुरती नाही. शेवयांच्या व्यापारात धनवान झालेला गोरियो १८१३ साली व्होकेबाईंच्या खाणावळीत राहावयास येतो, तेव्हा तो वर्षाला १२०० फ्रँक देतो व आदराने ‘मस्यो गोरियो’ म्हणविला जातो. पुढे तो वरच्या मजल्यावरील ९०० फ्रँकांच्या जागेत जातो आणि तेव्हापासून मालकीणबाई त्यास ‘पेर गोरियो’ म्हणू लागते. हा पैसा जातो तो श्रीमंत घरी दिलेल्या दोन मुलींकडे. सहनिवासी मात्र त्या मुलींना त्याच्या रखेल्या समजतात. ज्या दारिद्र्यामुळे हे उपहासाचे नाव त्यास चिकटले, त्या दारिद्र्याचे कारण त्याचे पितृत्वच होय. उपहास करणाऱ्यांच्या तोंडून, त्यांच्या नकळत, सत्यच उच्चारले जाते. अखेरीस त्याच्या प्रेतयात्रेस जावयांच्या रिकाम्या गाड्या तेवढ्या येतात. कादंबरीतील उपरोध या दुहेरी अर्थावर उभा आहे. तिच्यात केवळ वात्सल्याची करुणकथा पाहणारे वाचन म्हणूनच अपुरे ठरते.

मराठीत ‘म्हातारा’ हा शब्द प्रथमदर्शनी सोयीचा वाटतो, कारण बापाविषयी ‘आमचा म्हातारा’ असे बोलण्याची रीत आपल्याकडे आहे. परंतु ते बापपण ‘आमचा’ या शब्दावर अवलंबून असते; ‘म्हातारा गोरियो’ म्हणताच ते नाहीसे होते. ‘बाबा’ या शब्दात पिता व वृद्ध हे दोन्ही अर्थ आहेत. मात्र त्यात आदर अधिक आहे, हा आक्षेप रास्त होय. तरीही ‘गोरियोबाबा’ हेच रूप अधिक ग्राह्य वाटते. आदराचा शब्द उपहासाच्या सुरात उच्चारता येतो आणि खाणावळीतील संवाद तो सूर पुरवितात. शब्दात नसलेला अर्थ मात्र कोणत्याही सुराने आणता येत नाही.