हरवलेलं पॅकेट आणि फसलेलं अनुमान

आज आपण एका तांत्रिक रचनेची चिकित्सा करतोय, पण प्रश्न तत्त्वज्ञानातला जुनाच आहे: कार्यावरून कारण ओळखायचं कसं?

आरटीपी हा प्रोटोकॉल १९९६ साली आला, सुधारित आवृत्ती २००३ मध्ये. आवाज आणि चित्र यांची छोटी पॅकेटं तो क्रमांक व वेळेची खूण लावून धाडतो. त्याचा जोडीदार आरटीसीपी. ऐकणाऱ्याकडे किती पॅकेटं पोचलीच नाहीत, हे तो पाठवणाऱ्याला कळवतो. इथवर रचना चोख आहे. संभाषणात फार उशिरा आलेला शब्द न आल्यासारखाच, हे तिनं ओळखलं.

उणीव पुढे आहे. अहवालात ‘किती’ आहे, ‘का’ नाही. १९८८ साली व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीसाठी नियम मांडला: पॅकेट गळालं म्हणजे राउटरची रांग भरली, वेग कमी करा. खराबीमुळे होणारी गळती १ टक्क्याहून खूपच कमी असते, हे गृहीतकही त्यांनी उघड सांगितलं. तारांच्या जाळ्यात ते योग्यच होतं. रेडिओवर मात्र भिंत, अंतर, शेजारच्या यंत्राचा गोंगाट, काहीही पॅकेट गिळतं. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील: खूण दिसते, पण साध्य नसतं तिथेही दिसते.

मग होतं काय? रुग्ण व्हिडिओवरून डॉक्टरांना त्वचेवरचा चट्टा दाखवतोय. रांग रिकामी, दोष भिंतीचा. तरी पाठवणारा वेग उतरवतो. चट्टा धूसर होतो, गळती तशीच राहते! उलट, प्रत्येक गळती रेडिओच्या माथी मारली, तर खऱ्या गर्दीत आपण इतरांची वाट अडवू.

म्हणून दुसरी साक्ष हवी. रांग भरू लागली की आधी उशीर वाढतो. वेब-आरटीसीसाठी गूगलनं मांडलेली पद्धत तो उशीर मोजते; शिवाय गळती २ टक्क्यांखाली असेल तर वेग वाढवू देते, १० टक्क्यांवर गेली तर उतरवते, मधल्या पट्ट्यात आहे तसा ठेवते. या मधल्या पट्ट्यातला संयम आम्हाला मोलाचा वाटतो. २००१ च्या ईसीएनमध्ये तर राउटर पॅकेट टाकून न देता त्यावरच गर्दीची खूण करतो. म्हणजे बघा, अनुमानाच्या जागी शब्दप्रमाण! पण वाटेतल्या राउटरनं बोलायला हवं ना.

उशीरही निर्दोष साक्षीदार नाही. वायफाय हरवलेली चौकट स्वतःच पुन्हा पाठवतं, त्यातही वेळ जातो. तेव्हा आपला आक्षेप वेग उतरवण्यावर नाही; एकट्या गळतीवरून निकाल देण्यावर आहे.