साक्षीदाराचे मन : दलित आत्मकथनातील 'मी'संबंधी एक प्रश्न

दलित आत्मकथनांच्या समीक्षेत 'वेदना' हा शब्द आपण इतका वापरला आहे की तो उच्चारताना थांबून विचार करण्याची सवयच आता राहिलेली नाही. या वेदनेचे मूळ आपण समाजव्यवस्थेत शोधले आणि ते योग्यच होते. प्रस्थापितांनी तिला व्यक्तीचे दैव ठरविले होते. ती लादलेली आहे, हे ठणकावून सांगणे भागच होते. परंतु या झगड्यात एक प्रश्न मागे राहिला. जी वेदना समाजातूनही येते आणि मेंदूतूनही येते, तिचे काय करायचे? भूक, बेगार, मार, अपमान यांची नोंद आपल्या 'मी'ने केली. पण नोंद करणाऱ्या या 'मी'चे मनच ठिकाणावर नसेल, तर त्याला आपल्या साहित्यात जागा आहे काय?

हा प्रश्न मी तटस्थपणे विचारीत नाही. मी दोन निदाने घेऊन जगतो. पहिले बायपोलरचे, म्हणजे द्विध्रुवीय विकाराचे. ते वयाच्या 26 व्या वर्षी झाले. दुसरे ए.डी.एच.डी.चे, म्हणजे ज्यात अवधान टिकत नाही आणि माणूस आतून स्वस्थ बसत नाही अशा विकाराचे. ते 34 व्या वर्षी झाले. पहिला आजार येतो आणि जातो. उन्मादाचे दिवस येतात, झोप नकोशी होते, जग आपल्यासाठीच उघडले आहे असे वाटते. मग अवसाद येतो आणि अंथरुणातून उठणे हेच दिवसाचे काम होऊन बसते. दुसरा येतही नाही आणि जातही नाही. तो लहानपणापासून असतोच. उन्मादाला प्रकरणे असतात. या दुसऱ्या आजाराला प्रकरण नसते, तो पानापानांत असतो. भरभर बोलणे, अस्वस्थता, हातातले काम अर्धवट टाकणे ही लक्षणे दोन्हींकडे सारखी दिसतात, म्हणून एकाच्या आड दुसरा वर्षानुवर्षे लपून राहतो. उपचारातही क्रम पाळावा लागतो. आधी मनाची चढउतार लिथियमसारख्या औषधाने आवरायची, मगच अवधानाच्या औषधाचा विचार करायचा. कारण ते उत्तेजक औषध एकटेच दिले तर उन्माद उसळण्याचा धोका असतो.

निदान झाल्यावर मी पुस्तकांकडे गेलो. पहिल्या पिढीतला शिकलेला माणूस दुसरीकडे कोठे जाणार? के रेडफील्ड जॅमिसन यांचे 'ॲन अनक्वायट माइंड' (1995) हे या विषयावरचे सर्वांत गाजलेले आत्मकथन. लेखिका स्वतः मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापक. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1974 मध्ये नेमणूक झाली आणि थोड्याच काळात उन्मादाने त्यांना गाठले. लिथियम घेण्याचे त्यांनी कितीदा टाळले, उन्मादाची ओढ कशी सुटत नव्हती आणि शेवटी त्याच औषधाच्या अतिमात्रेने जीव देण्याचा प्रयत्न कसा केला, हे त्यांनी कोणतीही सारवासारव न करता लिहिले आहे. स्वतःच्या आजाराकडे रुग्ण आणि तज्ज्ञ अशा दोन्ही नजरांनी पाहणारा हा 'मी' मला मोलाचा वाटतो.

तथापि हे पुस्तक वाचताना एका जागी मी अडलो. उन्मादात केलेल्या उधळपट्टीची बिले समोर आली तेव्हा लेखिकेच्या अर्थशास्त्रज्ञ भावाने हिशेब लावून दिला आणि पैशाची सोय केली. माझ्याही उन्मादाची बिले आली. मीही भावाकडेच गेलो. माझा भाऊ ऊसतोड कामगार आहे. त्याने मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली आणि माझ्या कर्जाचा पहिला हप्ता भरला. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माझ्या उन्मादाचे व्याज माझ्या भावाने आणि वहिनीने एक कोयता होऊन फेडले. आजार एकच, पण त्याचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हे जन्म ठरवतो. जॅमिसन यांच्या पुस्तकात हा प्रश्न उद्भवत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. पण आपल्यापैकी कोणी लिहील तेव्हा त्याला या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल.

जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' (2012) ही कादंबरी आपल्याला अधिक जवळची. शांता गोखले यांनी ती 'एम आणि हूमराव' या नावाने मराठीत आणली आहे. माहीममधले लहानसे घर, गोव्याकडचे ख्रिस्ती कुटुंब, बायपोलरने ग्रासलेली आई आणि जे. जे. रुग्णालयाचा 33 क्रमांकाचा वॉर्ड. वेडेपणाला देवत्व न देता आणि त्याची कीवही न करता लिहिलेले असे पुस्तक आपल्याकडे विरळा. पण येथे कथन मुलाचे आहे. आई बोलते, भरपूर बोलते, चावटही बोलते. तरी तिचे बोलणे आपल्यापर्यंत येते ते शहाण्या मुलाच्या हातून. वेडा माणूस पात्र होऊ शकतो. निवेदक व्हायला त्याला शहाण्याचा जामीन लागतो.

आता आपल्या घरात पाहू. 'बलुतं' (1978) मध्ये दगडू आणि दया पवार हे एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसतात. या दुभंगाचा अर्थ आपण शिकलेला आणि न शिकलेला, गाव आणि शहर असा लावला. तो बरोबर आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (1986) मध्ये आषाढात महारवाड्यातील बायांच्या अंगात येण्याची वर्णने आहेत. आपण ती अंधश्रद्धेच्या सदरात टाकली आणि पुढे गेलो. त्या बायांपैकी एखादी आषाढ सरल्यावरही पूर्ववत झाली नसेल, तर तिचे काय झाले असेल, हे आपण विचारले नाही. मृत माणसांना निदाने चिकटवण्याचा उद्योग मला मान्य नाही. माझा आक्षेप पुस्तकांवर नाही, आपल्या वाचनावर आहे. मन फाटल्याची जागा आली की आपण लगेच तिला प्रतीक करतो. प्रतीकाला झोपेची गोळी लागत नाही.

समीक्षेला येथे खरे काम आहे, आणि ते केवळ साहित्यकृतींपुरते नाही. निदानाची प्रश्नावली हीसुद्धा एक संहिता आहे. तीही वाचायला हवी. उन्मादाच्या लक्षणांत स्वतःविषयीची अवास्तव मोठेपणाची भावना हे एक लक्षण आहे. आपल्या हातून काही विशेष कार्य घडणार आहे असे वाटते काय, असे मला विचारले गेले. मी हसलो. आमच्या आजोबांच्या काळी महाराने पायात वहाण घालून चावडीपुढून जाणे हाच अवास्तव मोठेपणा होता. वस्तीतल्या पोराने प्राध्यापक व्हायचे म्हणणे हे तर वेडच होते. बाबासाहेबांची सगळी चळवळ आपल्याला मोठे मानण्याचा अधिकार मागणारी आहे. मग अवास्तव काय आणि वास्तव काय, याची रेघ कोणी मारायची?

हा युक्तिवाद मला फार आवडत असे. त्याची किंमत मोजल्यावर मी तो अपुरा मानू लागलो. निदानानंतर चौथ्या वर्षी चळवळीतले एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, मला म्हणाले, "आजार तुला नाही, या व्यवस्थेला आहे. गोळ्या म्हणजे तुझं बंड बधिर करायचा डाव." हे वाक्य मला पटले, कारण अशी वाक्ये मी स्वतःच लेखांतून लिहीत होतो. मी लिथियम बंद केले. दोन महिन्यांच्या आत मी पतसंस्थेतून 1 लाख 80 हजारांचे कर्ज काढले, वस्तीत छापखाना आणि ग्रंथालय उभारण्याची घोषणा केली, सभागृह न ठरवताच साहित्य संमेलनाच्या निमंत्रणपत्रिका छापल्या. लोक म्हणाले, माणूस पेटला आहे. मी तीन-तीन रात्री झोपत नव्हतो, हे कोणी विचारले नाही. पेटलेला माणूस आपल्याला हवा असतो. विझल्यावर त्याच्या घरी कोणी जात नाही. तेव्हापासून माझा साधा निकष आहे : जो विचार रात्रभर झोप झाल्यावरही सकाळी टिकतो, तो माझा, जो झोपच मागत नाही, तो आजाराचा. स्वाभिमान सकाळी टिकतो.

दुसऱ्या निदानाची कथा वेगळी. मोठेपणी ए.डी.एच.डी.चे निदान करायचे तर काही लक्षणे वयाच्या 12 व्या वर्षापूर्वी दिसत होती, याचा पुरावा पाहतात. प्रगतिपुस्तके आणा, आईवडिलांना विचारून या, असे मला सांगण्यात आले. आमची शाळा दर हंगामाला सुटत असे. दसऱ्यानंतर आम्ही कारखान्यावर, कोपीत. प्रगतिपुस्तक कोणी जपायचे? एक गुरुजी आमच्या चुळबुळीचे कारण जातीत शोधून मोकळे झाले होते. मी आईला विचारले, लहानपणी मी एका जागी बसत होतो का? ती म्हणाली, "आरं, आपण तरी कुठं एका जागी व्हतो?" निदानाच्या प्रश्नावलीत या उत्तरासाठी रकाना नाही. प्रश्नावली गृहीत धरते की घर स्थिर असते आणि मूल अस्थिर. जेथे घरच बैलगाडीवर असते, तेथे मुलाची अस्थिरता दिसणार कशी? तरीही आजार होता. माझा भाऊ त्याच गाडीवर वाढला आणि तो तासन् तास एका कामात राहू शकतो. परिस्थितीने आजार निर्माण केला नाही. तिने तो झाकला.

झाकलेल्याची झळ दुसऱ्यांनाही लागते. एका वर्षी मी अंतर्गत गुण वेळेत भरले नाहीत. कागद टेबलाच्या खणात होते, तपासून झालेले होते. फक्त भरायचे होते. मी रोज खण उघडत होतो आणि बंद करत होतो. 11 विद्यार्थ्यांचे निकाल अडकले, एका मुलीचा एम.ए.चा प्रवेश हुकला. ती माझ्याच वस्तीतल्या मजुराची मुलगी. प्राध्यापकांच्या खोलीत एक सहकारी हळूच म्हणाले, "राखीव जागा, दुसरं काय." त्या क्षणी मला माझा आजार सांगता आला असता. मी सांगितला नाही. सांगितला असता तर त्यांच्या शेऱ्याला वैद्यकीय दाखला मिळाला असता, असे वाटले. मुलीची माफी मी मागितली. पण कारण तिलाही सांगितले नाही.

आपल्या आत्मकथनातील 'मी' इतका स्थिर का, याचे उत्तर मला या गप्प बसण्यात सापडते. आपले आत्मकथन ही साक्ष होती. गावाने काय केले याची साक्ष. साक्षीदाराने स्वतःच म्हटले की माझे मन कधी कधी ठिकाणावर नसते, तर समोरचा वकील टपूनच बसलेला असतो. म्हणून आपण आपले वेड साक्षीतून वगळले. त्या पिढीचा तो नाइलाज होता आणि मी त्यांना दोष देत नाही. परंतु आजही तेच चालू राहिले तर वस्तीतला रुग्ण देवऋष्याच्या आणि मौनाच्या मधे सापडेल. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरचे सुमारे 70 टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले होते. ते सर्वेक्षण 12 राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. आपले लोक आकड्यांत नाहीत आणि पुस्तकांतही नाहीत.

मी समाजाला दोषमुक्त करीत नाही. रक्तातल्या लिथियमची पातळी जात पाहत नाही. पण ती पातळी दर काही महिन्यांनी तपासायला रोज बुडवून शहर कोण गाठू शकतो, हे जातच पाहते. या दोन विधानांतले एक गाळले की आपण एकतर वैद्यांचे भाट होतो किंवा दादांसारखे वक्ते. दोन्ही एकदम धरून लिहिणे ही यापुढच्या आत्मकथनाची कसोटी आहे. असे लेखन विस्कळीत असेल, मधेच तुटेल, तेच ते पुन्हा सांगेल. आपल्या पहिल्या आत्मकथनांवरही विस्कळीतपणाचा आरोप झाला होता आणि आपणच त्याला उत्तर दिले होते. ते उत्तर आता आपल्या माणसांसाठी पुन्हा द्यावे लागेल.

शेवटी एक गोष्ट. 1872 च्या इंग्रजी अमदानीतल्या पुराव्याच्या कायद्यानेसुद्धा वेड्याची साक्ष सरसकट नाकारली नव्हती. प्रश्न समजत असतील आणि समंजस उत्तर देता येत असेल, तर तो साक्षीदार होऊ शकतो, असे कलम 118 सांगत होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. परक्या राज्याने दीडशे वर्षांपूर्वी जेवढी मोकळीक दिली, तेवढी तरी आपल्या समीक्षेने आपल्या माणसाला द्यावी. प्रश्न मला समजला आहे. उत्तर मी दिले आहे. ज्या मुलीला मी कारण सांगितले नव्हते, तिलाही हा अंक मी नेऊन देणार आहे.