चोरीला गेल्यावर दिसणारी सायकल

गेली चार वर्षं मी सायकलनं ऑफिसला जाते. वारज्याहून कर्वेनगर, तिथून लॉन्स आणि मंगल कार्यालयांनी भरलेला डीपी रोड, म्हात्रे पुलापाशी खाली उतरून नदीपात्रातला रस्ता, झेड ब्रिजच्या खालून पुढे आणि मग शिवाजीनगर. साधारण नऊ किलोमीटर, पस्तीस-चाळीस मिनिटं. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद होतो. मग कर्वे रोडनं, मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेनं आणि बसचा धूर खात जावं लागतं.

हे सांगितलं की लोकांच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली, ‘वा, फिटनेस!’ दुसरी, ‘वा, पर्यावरण!’ आणि तिसरी, ‘चोरीला जात नाही का?’ तिसरा प्रश्न विचारणारा सिनेमे बघणारा असला, तर पुढचं वाक्य ‘बायसिकल थीव्ज’बद्दल असतं.

या तिसऱ्या प्रतिक्रियेनं मला सायकलींचे सिनेमे एका ओळीत लावून बघायची सवय लागली. त्यातून एक तक्रार तयार झाली. सिनेमात सायकली पुष्कळ आहेत, पण त्या सायकलींवरून कामाला जाणारी माणसं फार थोडी आहेत. आणि जी आहेत, त्यांची सायकल चोरीला गेल्याशिवाय कॅमेरा त्यांच्याकडे वळत नाही.

*

आपल्याकडची उदाहरणं आधी घेऊ. हिंदीत सायकल म्हटलं की ‘जो जीता वही सिकंदर’ (1992). मन्सूर खानचा हा सिनेमा मला आजही आवडतो. तिथे सायकल म्हणजे शर्यत. गरीब-श्रीमंतीचा झगडा आहे, पण तो शेवटच्या रेषेवर मिटतो. कोण पुढे आलं एवढाच प्रश्न. रोज कामाला जाणाऱ्या माणसाला पुढे यायचं नसतं, वेळेत पोचायचं असतं. त्या सिनेमाला या दुसऱ्या घाईची ओळख नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही.

मराठीत प्रकाश कुंटे यांचा ‘सायकल’ (2018) आहे. कोकणातला केशव हा ज्योतिषी, त्याची जिवापाड जपलेली सायकल आणि ती पळवणारे दोन भुरटे चोर. गंमत अशी की चोर जिथे जातील तिथे लोक सायकल ओळखतात आणि केशवची माणसं समजून त्यांना जेवूखाऊ घालतात. दुसऱ्याच्या चांगुलपणाची उधारी आपल्या नावावर चढत गेली की चोराचं काय होतं, हा या गोष्टीचा गाभा. हृषीकेश जोशी, भाऊ कदम आणि प्रियदर्शन जाधव तो जड न करता पेलतात.

पण मी हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा रस्त्याकडे बघत होते. रस्ता मोकळा, हिरवागार, ऊनसुद्धा मायाळू. सायकल गेल्यानं केशवच्या काळजाला घरं पडतात, चूल मात्र विझत नाही. त्यामुळे सायकल सोडून देता येणं हा इथे मनाचा मोठेपणा ठरू शकतो. आसक्ती सोडावी, हे खरंच. पण ज्याला उद्या सकाळी सातला ड्युटीवर हजर व्हायचंय, त्यानं नेमकं काय सोडायचं?

*

याचं उत्तर 1948च्या रोममध्ये आहे. व्हित्तोरिओ दे सिकाच्या ‘बायसिकल थीव्ज’ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, न पाहिलेल्यांनाही. बेकार अंतोनियोला पोस्टरं चिकटवण्याचं काम मिळतं, अट एकच, स्वतःची सायकल हवी. ती गहाण पडलेली. बायको मरिया पलंगावरच्या चादरी काढते आणि त्या गहाण टाकून सायकल सोडवते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. मग बाप आणि लहानगा ब्रुनो शहरभर ती शोधत फिरतात.

या सिनेमावर लिहिणारे बहुतेक जण शोधाबद्दल आणि शेवटाबद्दल लिहितात. अंतोनियोची भूमिका करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी खऱ्या आयुष्यात कारखान्यातला कामगार होता, हे सांगतात. सत्यजित राय यांनी 1950मध्ये लंडनला तो पाहिला आणि आपणही असाच सिनेमा करायचा असं ठरवलं, हेही. सगळं बरोबर. पण मला चोरीच्या आधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो.

पहाट आहे. ब्रुनो सायकल पुसतोय. पायडलला एक पोचा आलेला त्याला दिसतो आणि तो चिडतो. गहाणवाल्यांनी सायकल नीट ठेवली नाही, बाबांनी तिथेच तक्रार करायला हवी होती, असं त्याचं म्हणणं. मग बाप त्याला पुढे दांडीवर बसवतो आणि दोघं निघतात. रस्त्यावर त्यांच्यासारखेच कामाला निघालेले लोक. बाप मुलाला पेट्रोलपंपावर सोडतो, कारण तो एवढासा मुलगाही तिथे काम करतो. पुढे अंतोनियो खांद्यावर शिडी घेऊन इतरांबरोबर पोस्टरं लावायला निघतो. यात काहीही घडत नाही. दोन माणसं कामावर जातात, बस. सायकलनं कामाला जाण्याचं याहून खरं चित्र मी पडद्यावर पाहिलेलं नाही. त्यात घाई आहे, थोडा रुबाब आहे आणि आज सगळं जमेल असा सकाळी सकाळी असतो तो विश्वास आहे.

आणखी एक जागा. मरिया भविष्य सांगणाऱ्या बाईकडे जाते, तेव्हा अंतोनियो खाली खेळणाऱ्या पोरांना सायकलकडे लक्ष ठेवायला सांगून वर जातो. आपला जीव टांगणीला. आता जाणार, आता जाणार! सायकल जात नाही. दे सिका तिथे आपल्याला सायकलवर डोळा ठेवायला शिकवतो. ज्याचं पोट सायकलवर आहे, तो चोवीस तास हेच करत असतो. चोरी पुढे होते. त्या संध्याकाळी अंतोनियो मुलाला घ्यायला निघतो, बससाठी ताटकळतो, गर्दीत रेटला जातो आणि उशिरा पोचतो. सकाळचा आणि संध्याकाळचा प्रवास शेजारी शेजारी ठेवला की सायकल म्हणजे काय होतं ते कळतं. दे सिका त्यावर भाषण करत नाही.

वांग श्याओश्वायचा ‘बीजिंग बायसिकल’ (2001) हाच हिशोब पुढे नेतो. खेड्यातून आलेला ग्वेई कुरिअर कंपनीत लागतो. कंपनी त्याला नवी कोरी माउंटन बाइक देते, पण ती त्याची नाही. सहाशे युआनचं काम करून दाखवलं की मगच त्याची. तोपर्यंत तो आपली सायकल आपल्याच घामातून हप्त्याहप्त्यानं विकत घेतोय. आज आपल्याकडे पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन पोचवणी करणारी मुलं बघताना हा सिनेमा पंचवीस वर्षं जुना वाटत नाही. सायकल मालकीची होण्याच्या बेतात असतानाच ती चोरीला जाते आणि चोरबाजारातून जियान नावाच्या शाळकरी मुलाच्या हाती लागते. जियानला ती मित्रांत मिरवायला आणि एका मुलीसमोर भाव खायला हवी आहे.

इथे सिनेमा सोपी बाजू घेत नाही. जियानचा बाप वर्षानुवर्षं सायकलचं आश्वासन देऊन टाळत आलाय, त्याचंही दुखणं खरं आहे. शेवटी दोघं एक दिवसाआड सायकल वापरायची असं ठरवतात. एकाच सायकलवर एक दिवस पोट आणि एक दिवस हौस! शेवटी मोडकीतोडकी सायकल खांद्यावर घेऊन ग्वेई गाड्यांनी भरलेल्या रस्त्यातून चालत जातो.

हा सिनेमा पाहिला तेव्हा मी स्वतःला ग्वेईच्या बाजूला धरलं होतं. मी जियान आहे हे कळायला आणखी एक वर्ष जावं लागलं.

*

आमच्या ऑफिसच्या गेटवर एक वॉचमन काका आहेत. शिवण्याहून येतात, म्हणजे माझ्याही पुढून. बारा तासांची ड्युटी. जुनी काळी सायकल, मडगार्ड तारेनं बांधलेलं, कॅरिअरला डबा. सकाळी कधीमधी डीपी रोडवर ते मला दिसायचे. मी हेल्मेट घालून, गिअर बदलत पुढे निघून जायचे.

ऑफिसनं आम्हा सायकलवाल्यांसाठी पार्किंगमध्ये स्टीलचा रॅक बसवला होता. वर छप्पर आणि हिरव्या पानाचं चित्र. पुढाकार माझाच. वर्षभरात पार्किंगच्या कोपऱ्यात बेवारस, गंजलेल्या सायकली साठल्या, तेव्हा त्या हलवाव्यात अशी मेलही मीच पाठवली. एका शनिवारी सफाई झाली. सोमवारी काका गेटवर नव्हते. अकराला आले. शनिवारी टायर बसल्यामुळे सायकल इथेच ठेवून ते बसनं गेले होते आणि ती भंगारात गेली होती. दोन दिवस ते दोन बस बदलून आले, दोन्ही दिवस उशीर झाला आणि दोन्ही दिवसांचा हाफ-डे लागला. तिसऱ्या दिवशी सायकल जनरेटरच्या मागे, ढिगाखाली सापडली. कॅरिअर गेलेला, चाकाला आऊट आलेला.

मी जाऊन माफी मागितली. ती मेल माझी होती हेही सांगितलं. दुरुस्तीचे पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी हाफ-डेंचं काय होतंय ते बघा म्हणून सांगितलं. मी एचआरकडे दोनदा गेले. ते पैसे काही परत आले नाहीत.

‘तुमची सायकल तुम्ही रॅकला का नाही लावली?’ असं मी विचारलं होतं.

‘ते तुमच्यासाठी केलंय मॅडम,’ ते म्हणाले. ‘तुम्हा लोकांना हौस आहे.’

त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

*

तर सिनेमावरची माझी तक्रार अशी माझ्यावरच उलटली. चार वर्षं एकाच रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची सायकल मला कधी दिसली? ती नाहीशी झाली तेव्हा. सिनेमा काही वेगळं करत नाही. मात्र मी केलं ते चूक असेल, तर सिनेमाचंही तपासायला हवं. चोरी हा गोष्टीचा सोयीचा हुक आहे. तिच्यामुळे गरिबाचं रोजचं जाणं आपल्याला बघण्याजोगं वाटतं, आणि शेवटी हळहळलो की आपलं काम संपतं. सायकल शाबूत असते त्या तीनशे दिवसांचं काय? पंक्चर, अंधार, मागून येणारा टँकर, सायकल ट्रॅकवर लावलेल्या दुचाकी, घरी पोचल्यावर दुखणारे गुडघे?

हे लिहिता येतं याचा एक पुरावा माझ्याकडे आहे, आणि तो सिनेमा नाही. पी. साईनाथ यांच्या 1996च्या पुस्तकात (मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’) तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यावर एक प्रकरण आहे. तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीबरोबर बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, नर्स, अंगणवाडीताई. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा जेन्ट्स सायकली घेतल्या. साईनाथ त्यांचं कौतुक करून थांबत नाहीत. बसची वाट बघण्यातले किती तास वाचले, माल विकायला किती गावं जास्त गाठता आली, मूल आणि पाणी एकाच फेरीत कसं आणता आलं, याची ते बेरीज मांडतात. एकही सायकल चोरीला न जाता तो मजकूर धरून ठेवतो. कारण नाट्य त्या बेरजेतच आहे.

मराठीत मला असं काही वाचायचंय, बघायचंय. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्यातली ‘होतं’ ही क्रिया खरी वाटायला लागते. पहाटे साडेपाचला शिवणे, उत्तमनगर, वारजे माळवाडी या पट्ट्यात उभं राहून बघा. डबे लटकवलेल्या सायकली शहराकडे निघालेल्या दिसतात. आपण त्यांना मोजत नाही. 2017-18च्या सुमारास अ‍ॅपवर भाड्यानं मिळणाऱ्या रंगीत सायकली पुण्यात आल्या, तेव्हा पुण्यात सायकल परतली म्हणून केवढे लेख आले. त्या सायकली काही वर्षांत नाहीशा झाल्या. काळ्या सायकली त्याआधीही होत्या, नंतरही आहेत.

‘बायसिकल थीव्ज’ पाहिला नसेल तर जरूर बघा. पण सुरुवातीचा भाग, अजून काहीच चोरीला गेलेलं नसताना, फोन बाजूला ठेवून बघा.

काकांनी चाकाचा आऊट काढून घेतला, कॅरिअर जुन्या बाजारातून आणला. रॅकवर मी त्यांच्यासाठी जागा ठेवते, पण ते अजूनही सायकल गेटजवळच्या झाडालाच लावतात. छप्पर नाही, पावसात भिजते. मी परवा पुन्हा विचारलं.

‘तिथून दिसत नाही मॅडम,’ काका म्हणाले. ‘इथं खुर्चीवरून दिसते.’